वर चढलेलं बिऱ्हाड

शिवणकाकूंच्या घरात जमिनीवर काहीही ठेवायची पद्धत नाही. कॉट विटांवर, फ्रिज लोखंडी स्टँडवर, पिठाचे डबे फळीवर, आणि विजेची बटणं तर इतक्या उंचावर की दिवा लावायचा म्हणजे हात वर करून शपथ घेतल्यासारखं उभं राहावं लागतं. नवा माणूस हे बघून हसतो. मग त्याची नजर भिंतीकडे जाते. कमरेखाली रंग वेगळा, वर वेगळा, मधे एक तपकिरी रेघ आणि तिच्या खाली आणखी काही पुसट रेघा. "हे काय, ओल आली का?" तो विचारतो.

"ओल नाही, पाहुणे," काकू म्हणतात. "दरवर्षी येतात आणि जाताना सही करून जातात."

इमारत तीन मजल्यांची, खाडीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीच्या अगदी टोकाला. समुद्र तिथे दारातून येत नाही, मोरीतून येतो. मोठी भरती आणि जोराचा पाऊस यांची गाठ पडली की गटारातलं पाणी समुद्रात जायचं सोडून माघारी वळतं, आणि काकूंच्या मोरीची जाळी आधी गुरगुरते, मग बुडबुडे काढते. तळमजल्यावर राहतं बिऱ्हाड काकूंचं एकट्याचंच. शेजारी नुसतं एक बंद गोदाम. त्यामुळे पाण्याची पहिली वर्दी त्यांना. वर्दी मिळाली की काकू पक्कड उचलतात आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून गच्चीवरच्या टाकीपर्यंत गेलेल्या पाइपावर दणादण ठोकतात. तोच पाइप प्रत्येक मजल्यावरच्या ओट्याशेजारून जातो. तो वाजला की कुणाच्या हातातला घास हातात राहतो, कुणाच्या तोंडाचा साबण तोंडावर.

पुढचं सगळं न बोलता होतं. वरची दारं उघडतात, माणसं चपला काढून अनवाणी खाली धावतात आणि हाताला लागेल ते उचलून वर नेतात. विचारायचं नाही, उचलायचं, ही या जिन्याची रीत. एका वर्षी कपाट आधी की गाद्या आधी, यावर दोन शहाण्या माणसांचं एकमत होईपर्यंत दोन्ही भिजलं, तेव्हापासून ही रीत पडली. आता गाद्या पहिल्या मजल्यावर बेकरीवाल्याकडे, शिवणयंत्राचं डोकं नर्सबाईंकडे, भांडीकुंडी जिथे जागा मिळेल तिथे. पाणी ओसरलं की सामान परत येतं. कधी एखादी परात जास्तीची येते, कधी झारा गायब असतो. त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

सामानात शेवटचा नंबर कॅप्टनांचा. कॅप्टन म्हणजे काकूंचे यजमान. जन्मभर त्यांनी बोटींची इंजिनं दुरुस्त केली. बोट चालवली एकदाही नाही, पण डोक्यावर पांढरी टोपी असायची, तेवढ्यावर गल्लीने त्यांना बढती देऊन टाकली. आता त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. घरातल्या घरात भिंतीच्या आधाराने चालतात, जिन्याचं नाव काढायचं नाही. म्हणून पाणी आलं की चौघं मिळून त्यांना लाकडी खुर्चीसकट वर नेतात. दुसरा कुणी असता तर लाजेने अर्धा झाला असता. कॅप्टन उलट हुकूम सोडतात. "डावीकडे घे! कठडा सांभाळ! अरे, वळणावर वेग कमी!" बेकरीवाल्याच्या खिडकीशी खुर्ची टेकली की त्यांना चहा लागतो, आणि तिथून ते साऱ्या गल्लीच्या पाण्यावर देखरेख करतात.

लाजायचं काम त्यांच्या वाटचंही काकूच करत. मिंधं राहायचं नाही हा त्यांचा बाणा. पूर ओसरला, घर धुऊन निघालं, मशीन जागेवर बसलं, की पहिलं काम फेडीचं. बेकरीवाल्याच्या घरचे पडदे, नर्सबाईंच्या उशांचे अभ्रे, कुणाच्या पँटची चेन, कुणाच्या पिशवीचा बंद. लोक म्हणत, "राहू द्या हो काकू." काकू कापड हिसकावूनच घेत. शेवटी अशी वेळ आली की इमारतीत उसवलेलं काही शिल्लकच राहिना. बेकरीवाल्याची बायको एकदा नवऱ्याला म्हणाली, "त्या शर्टाची बाही जरा ओढ रे. काकू येतील आता, त्यांना काहीतरी द्यायला हवं."

मागच्या पुरात मात्र असं काही घडलं, की ते कुठल्याच सुईदोऱ्याने सांधता येईना. दुपारची वेळ, पाणी नेहमीपेक्षा झपाट्याने चढत होतं. कॅप्टनांना वर नेताना वळणावर बेकरीवाल्याचा पाय सटकला. खुर्ची त्याने सोडली नाही, दुसरा हात पायरीवर टेकला आणि मनगट मोडून घेतलं. कॅप्टनांना खरचटलंसुद्धा नाही. पण पीठ मळणाऱ्या माणसाचं मनगट म्हणजे त्याचं पोट. पुढे कितीतरी दिवस तो प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बेकरीच्या दाराशी उभा राहायचा आणि दुसऱ्यांना पीठ मळताना बघायचा, मधेच म्हणायचा, "अजून, अजून मळ. इतक्यात दमलास?" काकू तो रस्ता टाळून लांबच्या रस्त्याने बाजारात जात. त्यांनी त्याला प्लास्टरवरून चढतील असे रुंद बाह्यांचे सदरे शिवून दिले. त्याने ते आनंदाने घातले. काकूंनी तरीही लांबचा रस्ता सोडला नाही.

हात बरा झाला, तो पुन्हा भट्टीवर उभा राहिला, पण काकूंच्या मनातली सल काही जाईना. पाणी पुन्हा येणार, ही माणसं पुन्हा धावणार. या खेपेला मनगट, पुढच्या खेपेला मान मोडेल. आपलं ओझं लोकांनी आणखी किती वर्षं वाहायचं? लेक केव्हापासून मागे लागलीच होती. तिचं घर शहराच्या वरच्या अंगाला, टेकडीवर. तिथेच तिने आईवडिलांसाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, तळमजल्यावर, एकही पायरी नसलेल्या. "आई, पाणी दरवर्षी थोडं थोडं वर चढतंय," ती म्हणायची. "तुम्ही कधी चढणार?" लेकीचं चुकत होतं असं कोण म्हणेल? पाणी काही कुणाच्या मायेला भुलत नाही. एक दिवस काकूंनी हो म्हणून टाकलं. कॅप्टनांनी नुसता रेडिओ मोठा केला.

इथे काकूंनी एक वेडेपणा केला, अगदी त्यांच्या स्वभावाला शोभेल असा. जायचं ठरलं, तसं कुणाला सांगायचं नाही हेही ठरवलं. सांगितलं तर लोक अडवणार. अडवलं तर पाय निघणार नाही. आणि समजा, कुणी अडवलंच नाही तर? त्यापेक्षा सामान हळूहळू बांधायचं, कामाच्या दिवशी सगळे कामावर गेले की टेम्पो बोलवायचा आणि निघायचं. निरोप मागून पाठवता येईल. ज्यांनी इतकी वर्षं आपला संसार उचलला त्यांच्यापासून तोंड लपवून जायचं, याची त्यांना लाज वाटत होती. पण समोर उभं राहून "येते" म्हणायची त्याहून जास्त वाटत होती.

ठरलेल्या दिवशी आभाळ कोरडं होतं. भरती दुपारनंतरची, पण जोराची होती, म्हणून काकूंना घाई. लेकीने तिकडे नव्या घरी थांबावं, इकडे काकूंनी सामान लावून द्यावं असं ठरलेलं. गाद्यांच्या वळकट्या, चादरीत बांधलेली बोचकी, भांड्यांची खोकी, सगळं दाराशी रचून झालं. शिवणयंत्राचं डोकं जुन्या शालीत गुंडाळून ठेवलं. कॅप्टन टोपी घालून दारात खुर्चीवर बसले होते, प्रवासाला निघालेल्या माणसासारखे नव्हे, तर गाडी चुकावी म्हणून बसलेल्या माणसासारखे.

टेम्पो आला आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकला. कुणीतरी हातगाडी आडवी लावून ठेवली होती. काकू पदर खोचून तिकडे गेल्या. हातगाडीवाल्याला शोधून आणा, गाडी हलवा, मग टेम्पोवाल्याला मागे घ्यायला लावा. "येऊ दे, येऊ दे, आणखी येऊ दे, बस्स!" यात बराच वेळ मोडला. टेम्पो एकदाचा दाराशी लागला आणि काकू घामाघूम होऊन घरात शिरल्या, तर घर रिकामं.

गाद्या नाहीत, बोचकी नाहीत, खोकी नाहीत. फ्रिजचा स्टँड होता, फ्रिज नव्हता. कॉट नव्हती, तिच्या विटा होत्या. एवढंच काय, खुद्द नवराही खुर्चीसकट नाहीसा झाला होता. दिवसाढवळ्या चोरी झाली म्हणावं, तर चोर कॅप्टनांना कशाला नेतील? इतक्यात वरून ओळखीचा आवाज आला: "डावीकडे घे! कठडा सांभाळ!"

मग त्यांचं लक्ष पायाकडे गेलं. उंबऱ्याशी पाणी साचलं होतं, आणि कॅप्टनांची एक चप्पल त्यात निवांत तरंगत होती.

काकू जिना चढून गेल्या. वाटेत नर्सबाई भेटल्या, यंत्राचं डोकं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून दार ढकलत होत्या. बेकरीवाल्याच्या घरात तर पाऊल ठेवायला जागा नव्हती. भिंतीला कॉट, कॉटवर गाद्या, गाद्यांवर बोचकी, आणि खिडकीशी कॅप्टन. चहाचा कप त्यांच्या हातात पोचलाही होता.

"अहो, हे काय चालवलंय?" काकूंना धाप लागली होती.

"पाणी आलं," कॅप्टन शांतपणे म्हणाले.

"कुठून आलं? भरतीला अजून अवकाश आहे. पावसाचा थेंब नाही."

"ते मला काय ठाऊक? दाराशी आलं, चप्पल तरंगायला लागली. मी पाइप वाजवला."

तेवढ्यात जिन्यातून नर्सबाईंचा आवाज आला, "अगं बाई! पंप!" आणि त्या गच्चीकडे पळाल्या. पाण्याच्या टाकीचा पंप सकाळी त्यांनी चालू केला होता आणि गडबडीत बंद करायचा विसरल्या होत्या. टाकी भरून वाहत होती, ते पाणी गच्चीच्या पन्हाळीतून थेट काकूंच्या दाराशी उतरत होतं.

"टाकीचं पाणी!" काकूंनी कपाळाला हात लावला. "सगळा जन्म खाडीत गेला तुमचा. गोडं पाणी आणि खारं पाणी कळत नाही तुम्हाला?"

"आता काय चाखून बघायचं होतं?" कॅप्टन म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. त्यांनी हे मुद्दाम केलं की खरोखर चुकून, हे आजवर कुणालाही कळलेलं नाही. काकूंनी नाना परींनी विचारून पाहिलं. इंजिनातला माणूस, सहजासहजी उघडत नाही.

खोलीत एव्हाना इमारतीतली निम्मी माणसं जमली होती. सगळ्यांचे श्वास फुललेले, सगळ्यांच्या हातात काकूंचं काही ना काही. काकूंनी एकेकाकडे नीट बघितलं.

"आज कामाचा दिवस. तुम्ही सगळे घरी कसे?"

कुणी छताकडे बघितलं, कुणी हातातल्या खोक्याकडे. शेवटी बेकरीवाला म्हणाला, "रजा टाकली, काकू."

"कशासाठी?"

"तुमचं सामान टेम्पोत चढवायला."

काकूंना बसावंसं वाटलं, पण बसायला मोकळी जागा नव्हती. त्या तशाच आपल्या बोचक्यावर टेकल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच."

काकूंनी कॅप्टनांकडे बघितलं. कॅप्टनांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"मग बोलला का नाहीत कुणी?"

नर्सबाई गच्चीवरून परत आल्या होत्या, कोपरापर्यंत भिजलेल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हीच बोलेनात, मग आम्ही कुठल्या तोंडाने बोलणार? म्हटलं, काकूंना अवघड जातंय, आपण आणखी अवघड करायला नको. टेम्पो आला की सहज म्हणून खाली उतरायचं आणि हात लावायचा. जिन्यात बसलो होतो की सगळे. आधी कोण उतरणार, यावर घोडं अडलं होतं. तेवढ्यात पाइप वाजला."

"आणि टेम्पोत भरायचं सोडून सामान वर आणलंत?"

बेकरीवाला ओशाळला. "खरं सांगू? पाइप वाजला की डोकं चालत नाही, पाय चालतात. गादी उचलली ती टेम्पोकडेच न्यायला. दारातून वळलो आणि जिना चढलो. अर्ध्यावर गेल्यावर वाटलंही की काहीतरी चुकतंय. पण मागून लोक येत होते, थांबायला जागा नव्हती."

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी खोलीच हसत सुटली. काकूही हसल्या. हसता हसता त्यांचा चेहरा कधी बदलला ते त्यांनाही कळलं नाही. पदर डोळ्यांना लावून त्या हुंदके देऊन रडू लागल्या.

"मला नाही राहवत रे इथे," त्या बेकरीवाल्याला म्हणाल्या. "तुझा हात आमच्यापायी मोडला. मी तो हात बघते आणि माझा जीव कासावीस होतो. आणखी किती जणांना आम्ही असं..."

"हात मोडला तो चपलेपायी," बेकरीवाल्याची बायको मधेच म्हणाली. "अनवाणी चढायची रीत आहे ना आपली? यांची नवी चप्पल, खाली सोडवेना. मी वरून ओरडतेय, काढा ती चप्पल, काढा ती चप्पल. चपलेसाठी मनगट दिलं यांनी! आणि तुम्ही लागलात सदरे शिवायला. मग आम्ही कुठल्या तोंडाने सांगणार?"

बेकरीवाल्याने बायकोकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. मग तो काकूंसमोर जमिनीवर बसला. पिठाने कायमचे पांढरट झालेले हात त्याने गुडघ्यांवर ठेवले.

"काकू, माझे वडील गावाकडे वारले तेव्हा मी इथे भट्टीवर होतो. शेवटी शेवटी त्यांना चालता येत नव्हतं. चुलतभाऊ पाठीवर घेऊन डॉक्टरकडे न्यायचे. मी एकदाही नेलं नाही. मला मिळालंच नाही ते." त्याने मानेमागून हात फिरवला. "कॅप्टनांची खुर्ची उचलली की मला बरं वाटतं. तुम्ही त्याबद्दल मला पडदे शिवून देता, ते आवडत नाही. म्हणजे, पडदे चांगले आहेत."

कॅप्टनांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना टोपीशिवाय पाहिलं नव्हतं.

काकू त्या हातांकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या फेडत आल्या होत्या, आणि आपण काकूंना काही दिलंय हे समोरच्यांच्या गावीही नव्हतं. पूर आला की त्यांना आधी पाण्याची भीती वाटे, मग उपकारांची, आणि दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी असे. आज त्या खोलीत स्वतःच्याच संसाराच्या ढिगात बसल्या असताना ती भीती कुठे दिसेना. या माणसांबद्दल त्यांचं मन भरून आलं होतं, आणि त्या भरलेल्या मनातून काहीही फेडीत वळतं करायचं नव्हतं. आपल्याला किती मिळालंय, हे त्यांनी पहिल्यांदाच घाई न करता नीट बघितलं.

"बाई," दारातून टेम्पोवाल्याचा आवाज आला. तो बिचारा खाली वाट बघून बघून वर आला होता आणि भरलेली खोली बघून बावचळला होता. "सामान भरायचंय की उतरवायचंय? मला काही कळेना."

एरवी एव्हाना चार हात पुढे झाले असते, पण आज कुणी बोटसुद्धा उचललं नाही. आता कुणी काही उचलावं ते काकूंनी सांगितल्यावरच, असं जणू सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आणि काकूंनी तर उभ्या आयुष्यात कुणाकडे मदत मागितलेली नव्हती. मागायच्या आतच ती येत असे, आणि त्या शिवणकाम करून मोकळ्या होत. लेकीचा त्यांना विचार आला. ती चिडेल, रडेल, आणि तिचं चुकणारही नाही. तिला लगेच फोन करायचा, आणि खरं काय ते सांगायचं.

काकू बोचक्यावरून उठल्या.

"जरा हात लावता का?" त्या म्हणाल्या. "सामान खाली न्यायचंय."

"लावतो की," बेकरीवाला म्हणाला. "टेम्पोत ना?"

"टेम्पोत कशाला? घरात," काकू म्हणाल्या. "आणि हे बघ, याबद्दल मी कुणाला काहीही शिवून देणार नाही."

तोवर बेकरीवाल्याने गादी खांद्यावर घेतलीही होती.